प्रश्नपरीक्षेवाचून वेदना : मूषकांवरील न्यूरोपेप्टाइड संशोधन आणि आपण

गेल्या काही वर्षांत वैद्यांकडे येणाऱ्या औषधी माहितीपत्रकांची भाषा पालटली आहे. पूर्वी त्यांत ग्रंथाधार, घटकद्रव्ये, मात्रा व अनुपान एवढाच मजकूर असे. आता त्याखाली एखादा आलेख आणि ‘प्राणिप्रयोगांत वेदनाशामक कार्य सिद्ध’ अशी ओळ हमखास आढळते. क्वचित ‘सबस्टन्स पी’ किंवा ‘सीजीआरपी’ अशी नावेही दिसतात. संधिगत वात, गृध्रसी, अर्धावभेदक अशा व्याधींनी त्रस्त झालेले रुग्ण आपल्याकडे नित्य येतात. त्यांच्यासाठी औषध निवडताना या ओळीला किती वजन द्यावे, आणि ती छापताना औषधनिर्मात्याने कोणते भान ठेवावे, याचा विचार करण्यासाठी हा लेख आम्ही योजिला आहे.

वेदना आणि न्यूरोपेप्टाइडे या विषयाचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्यात मूषकांनी दाखविलेली वाट एकदा पूर्ण फसली, एकदा मनुष्यापासून निघालेली वाट यशस्वी झाली, आणि दोन्ही वेळा कारणे स्पष्टपणे हाती लागली. ही कारणे ध्यानी घेतली तर माहितीपत्रकातील ती एक ओळ कशी वाचावी हे आपोआप उलगडते.

न्यूरोपेप्टाइड म्हणजे काय?

चेतापेशी एकमेकींशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारे बोलतात. त्यांपैकी ग्लूटामेटसारखी द्रव्ये अतिशय त्वरेने, सेकंदाच्या सहस्रांश भागांत कार्य करतात. न्यूरोपेप्टाइडे निराळ्या स्वभावाची आहेत. ती काही मोजक्या अमिनो आम्लांच्या साखळ्या असून चेतापेशीच्या मुख्य देहात तयार होतात, तंतूमधून टोकापर्यंत वाहून नेली जातात आणि उद्दीपन तीव्र किंवा वारंवार असेल तेव्हाच विशेषकरून बाहेर पडतात. त्यांचा परिणाम काही सेकंदांपासून कित्येक मिनिटांपर्यंत टिकतो. साधा संदेश ग्लूटामेट नेतो. त्या संदेशाची तीव्रता वाढविण्याचे वा घटविण्याचे काम पेप्टाइडे करतात, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

हे कार्य घडण्यासाठी समोरच्या पेशीवर त्या पेप्टाइडला ओळखणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असावा लागतो. पेप्टाइड तेच असले तरी ग्राही कोठे आहे, किती आहेत आणि त्यांची घडण कशी आहे यावर परिणाम ठरतो. नोसिसेप्टिन या सतरा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचे उदाहरण घ्यावे. १९९५ मध्ये ते प्रथम ओळखले गेले, तेव्हा माउसच्या मेंदूतील पोकळीत दिल्यास वेदना वाढल्यासारखे दिसले. पुढे रॅटच्या मज्जारज्जूत दिले असता वेदना कमी झाल्याचे आढळले. द्रव्य एकच, परंतु देश बदलताच कार्य बदलले. देश आणि मात्रा यांचा विचार केल्यावाचून द्रव्याचे कार्य सांगू नये, ही शिकवण ज्यांना परिचित आहे त्या वैद्यवर्गास याचे आश्चर्य वाटू नये.

मूषकाची वेदना ओळखावी कशी?

मूषकाला वेदना होते हे निःसंशय. ती मोजावयाची कशी, ही खरी अडचण आहे. प्रयोगशाळांत यासाठी काही कसोट्या रूढ आहेत. १९४१ मध्ये आलेल्या ‘टेल फ्लिक’ कसोटीत रॅटच्या शेपटीवर उष्ण किरण टाकून ती किती वेळात बाजूला घेतली जाते हे मोजतात. १९४४ मध्ये आलेल्या ‘हॉट प्लेट’ कसोटीत तापलेल्या पट्टिकेवर ठेवलेला माउस किती वेळात पाय चाटतो वा उडी मारतो हे पाहतात. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॉर्मॅलिन कसोटीत पंजात सौम्य फॉर्मॅलिन टोचतात. त्यात प्रथम काही मिनिटांची तीव्र प्रतिक्रिया, मग अल्प शांतता आणि नंतर बराच वेळ टिकणारी दुसरी अवस्था असा क्रम दिसतो. ही दुसरी अवस्था शोथजन्य वेदनेशी अधिक जवळची मानली जाते. चेतातंतूभोवती सैल गाठी बांधून दीर्घकालीन वेदना निर्माण करण्याची पद्धत १९८८ मध्ये आली, आणि २०१० मध्ये माउसचे डोळे, नाक, गाल, कान आणि मिशा यांच्या ठेवणीवरून वेदनेला गुण देण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली.

आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर या सर्व कसोट्या दर्शन आणि स्पर्शन या दोन परीक्षांतच मोडतात. तिसरी जी प्रश्नपरीक्षा, ती येथे संभवत नाही. सुश्रुताचार्यांनी व्रणवेदनांचे जे बारीक भेद वर्णिले, तोद निराळा, भेद निराळा, दाह निराळा, ते सारे रुग्णाच्या मुखातून कळणारे आहेत. दुखणे रात्री वाढते की पहाटे, शेकाने बरे वाटते की गारव्याने, दुखण्यामुळे झोप मोडते का, कामावर जाववते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मूषक देऊ शकत नाही. इतकेच नव्हे, तर टेल फ्लिक ही प्रतिक्रिया मुख्यतः मज्जारज्जूच्या पातळीवरील प्रतिक्षेप आहे. मेंदूशी संबंध तोडलेल्या रॅटमध्येही ती दिसते. शेपटी उशिरा हलली म्हणजे वेदनेची जाणीव कमी झाली, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ग्लानी आणणारे वा स्नायू शिथिल करणारे द्रव्य दिले तरी शेपटी उशिराच हलणार.

सबस्टन्स पी : एक भक्कम पुरावा

१९३१ मध्ये लंडन येथे उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम या दोघांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात एक नवे द्रव्य आढळले. त्याने सशाचा रक्तदाब उतरत असे आणि आतड्याचा तुकडा आकुंचन पावत असे. चूर्णरूपात साठविलेल्या या अर्काला ‘पी’ ही खूण मिळाली आणि तेच नाव कायम झाले. १९५३ मध्ये फ्रेड लेम्बेक यांनी, मज्जारज्जूत संवेदना आणणाऱ्या मागील मुळांत हे द्रव्य पुढील मुळांपेक्षा अधिक आहे यावरून, ते संवेदनावाहक असावे असे सुचविले. त्याची अकरा अमिनो आम्लांची रचना १९७१ मध्ये सुसान लीमन व मायकेल चँग यांनी निश्चित केली. त्याच्या प्रमुख ग्राहीला एनके-१ असे नाव आहे.

त्यानंतर रॅट आणि माउस यांच्यावरील प्रयोगांतून पुराव्यावर पुरावा जमत गेला. १९७७ मध्ये जेसेल व आयव्हर्सन यांनी रॅटच्या मेंदूतील ट्रायजेमिनल केंद्रकाच्या कापांत, अफूवर्गीय द्रव्ये सबस्टन्स पीचे स्रवण रोखतात असे दाखविले. मिरचीतील कॅप्साइसिन दिल्यावर संवेदी चेतातंतूंतील सबस्टन्स पीचा साठा रिता होतो आणि असा प्राणी उष्णतेला व प्रक्षोभक द्रव्यांना पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, हेही त्याच सुमारास समजले. १९९५ मध्ये असे दृग्गोचर झाले की रॅटला तीव्र वेदनाकारक चिमटा घेतला असता मज्जारज्जूतील पेशींच्या पृष्ठावरील एनके-१ ग्राही काही मिनिटांतच पेशीच्या आत ओढले जातात.

१९९७ मध्ये पॅट्रिक मँटी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग वनस्पतींशी नित्य संबंध असणाऱ्या वैद्यांना विशेष रोचक वाटावा. सॅपोनारिया नावाच्या युरोपीय वनस्पतीच्या बियांत सॅपोरिन हे विषारी प्रथिन असते. पेशीत शिरले तरच ते मारक ठरते. हे विष सबस्टन्स पीला जोडून रॅटच्या मज्जारज्जूभोवती सोडण्यात आले. ज्या पेशींवर एनके-१ ग्राही होते त्यांनीच ते आत घेतले आणि त्या तेवढ्या नष्ट झाल्या. या प्राण्यांची साधी, सौम्य वेदनेची प्रतिक्रिया शाबूत राहिली. कॅप्साइसिनने निर्माण होणारी अतिवेदना मात्र पुष्कळ घटली. १९९८ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी सबस्टन्स पीचे जनुक नसलेले आणि एनके-१ ग्राहीचे जनुक नसलेले माउस तयार केले. त्यांतही हाच अर्थ निघाला : सौम्य वेदना तशीच, तीव्र वेदनेचा चढ मात्र मंदावलेला.

इतका सुसंगत पुरावा क्वचितच एखाद्या द्रव्याच्या वाट्यास येतो. रचना ज्ञात, स्थान ज्ञात, ग्राही ज्ञात, जनुक काढून पाहिलेले. एनके-१ ग्राही रोखणारे औषध म्हणजे अफूवाचून वेदनाशमन, अशी अपेक्षा जगभरच्या औषधनिर्मात्यांनी बाळगली, ती अकारण नव्हती.

मनुष्यात काय घडले?

१९९१ मध्ये पेप्टाइड नसलेले, एनके-१ ग्राही रोखणारे पहिले औषधी द्रव्य प्रसिद्ध झाले आणि मागोमाग अशी अनेक द्रव्ये मनुष्यांवर तपासण्यात आली. लानेपिटंट हे द्रव्य अर्धशिशी, संधींची झीज आणि मधुमेहजन्य चेताविकार या तिन्हींत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेतही या वर्गाला यश आले नाही. दंतशस्त्रकर्मानंतरच्या वेदनेत एका द्रव्याने काहीसा गुण दाखविला, परंतु त्यावर चिकित्सा उभी राहिली नाही. २००० मध्ये रेमंड हिल यांनी ‘ही द्रव्ये मनुष्यात वेदनाशामक का नाहीत?’ हाच प्रश्न एका समीक्षालेखाच्या शीर्षकात मांडला आणि त्यानंतर या दिशेचा उत्साह ओसरला.

या वर्गातील एका द्रव्याला पुढे निराळेच स्थान मिळाले. अप्रेपिटंट हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील रसायनचिकित्सेमुळे होणाऱ्या मळमळ व वांतीसाठी मान्य झाले आणि त्याने असंख्य रुग्णांना आराम दिला. येथे एक मार्मिक गोष्ट लक्षात घ्यावी. रॅट आणि माउस यांना वांती होतच नाही. त्यामुळे हा गुण त्यांच्यात दिसणे अशक्य होते. तो फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात दिसला. ज्या वेदनेसाठी मूषकांनी या औषधांची ग्वाही दिली ती मनुष्यात उतरली नाही, आणि ज्या छर्दीसाठी ते उपयोगी पडले तिच्याविषयी मूषक मौन होते.

अपयशाची कारणे अनेक संभवतात. मूषकांत क्षणिक उष्णतेची अथवा काही दिवसांच्या शोथाची वेदना मोजली गेली होती, तर रुग्णांची वेदना महिनोन्‌महिन्यांची होती. मनुष्यात सबस्टन्स पी रोखले तरी ती जागा भरून काढणारी अन्य द्रव्ये असू शकतात. आणि प्रश्नपरीक्षेचा अभाव होताच.

पोपट आणि मिरची

याशिवाय एक कारण ग्राहींच्या घडणीत दडलेले आहे. ते समजण्यासाठी घरातलाच दाखला पुरेसा आहे. आपण ज्या मिरचीने हाय-हाय करतो ती पोपट आवडीने खातो. कॅप्साइसिन ज्यावर कार्य करते तो टीआरपीव्ही-१ हा ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला. याच क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले. पक्ष्यांमध्येही हा ग्राही असतो आणि उष्णतेला प्रतिसादही देतो; परंतु त्याच्या घडणीत थोडा फरक असल्याने कॅप्साइसिन त्याला जागे करीत नाही.

मूषक व मनुष्य यांच्यातही असे सूक्ष्म भेद आहेत. एनके-१ रोखणारे १९९१ चे ते पहिले द्रव्य मनुष्य व गिनीपिग यांच्या ग्राहीला घट्ट बिलगे. रॅट आणि माउस यांच्या ग्राहीला मात्र त्याची पकड फारच सैल होती. उलट काही द्रव्ये मूषकांतच अधिक प्रभावी होती. यामुळे पुढे जर्बिल या प्राण्याचा वापर वाढला, कारण त्याचा एनके-१ ग्राही मनुष्याच्या ग्राहीशी अधिक मिळता आहे. सारांश, मूषकात गुण दिसला म्हणून मनुष्यात दिसेलच असे नाही, आणि मूषकात दिसला नाही म्हणून मनुष्यात नसेलच असेही नाही. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणून बृहत्त्रयीत तिला स्थान नाही. परंतु मरिचातील पायपरीन आणि आर्द्रकातील जिंजेरॉल ही द्रव्येदेखील याच टीआरपीव्ही-१ ग्राहीवर कार्य करतात, असे प्रयोगांत आढळले आहे. ज्या तंतूंवर हा ग्राही असतो त्यांतील पुष्कळांत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी साठविलेले असतात. कटुरसाच्या द्रव्यांचा लेप लावला असता प्रथम दाह व लाली आणि नंतर बधिरपणा का येतो, याचा काही उलगडा यातून होतो. आठ टक्के कॅप्साइसिनची पट्टी २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी अमेरिकेत मान्य झाली, तीही याच तत्त्वावर. परंतु येथेही विवेक हवा. लेपाने त्वचेतील तंतूंवर होणारे कार्य आणि पोटात घेतलेल्या चूर्णाने गुडघ्याच्या वेदनेवर होणारे कार्य ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही. तसेच सबस्टन्स पी म्हणजेच वात, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोहही टाळावा. वाताची संकल्पना गती, रूक्षता, काल, वय अशा अनेक अंगांनी उभी आहे. अकरा अमिनो आम्लांच्या साखळीत ती बसवू गेल्यास दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते.

सीजीआरपी : मनुष्यापासून निघालेली वाट

सीजीआरपी, म्हणजे कॅल्सिटोनिन जीन रिलेटेड पेप्टाइड, हे सदतीस अमिनो आम्लांचे द्रव्य आहे. कॅल्सिटोनिनच्या जनुकातून चेतासंस्थेत दुसरेच एक पेप्टाइड तयार होते हे १९८२-८३ मध्ये रॅटवरील अभ्यासातून समजले. १९८५ मध्ये ते अतिशय प्रभावी रक्तवाहिनी-विस्फारक असल्याचे दिसून आले. येथवर मूषकांचे साहाय्य मोलाचे होते. पुढचे निर्णायक पाऊल मात्र रुग्णाजवळ पडले.

१९९० मध्ये पीटर गॉड्सबी, लार्स एडव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी अर्धशिशीचा वेग चालू असताना रुग्णांच्या गळ्यातील बाह्य शिरेतून रक्त घेऊन तपासले. त्यात सीजीआरपी वाढलेले होते. सबस्टन्स पी मात्र वाढलेले नव्हते. २००२ मध्ये डेन्मार्कमध्ये अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी देऊन पाहिले असता त्यांच्यात तशीच डोकेदुखी उद्भवली. २००४ मध्ये सीजीआरपीचा ग्राही रोखणाऱ्या ओलसेजेपंट या द्रव्याचा अहवाल आला : २.५ मिलिग्रॅम शिरेतून दिलेल्या रुग्णांपैकी ६६ टक्क्यांना गुण आला, तर निष्क्रिय द्रव्य मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. पोटात घेण्याजोग्या टेल्काजेपंट या औषधाचा विकास यकृतावरील दुष्परिणामांमुळे २०११ मध्ये सोडून द्यावा लागला. तथापि २०१८ च्या मे महिन्यात एरेनुमॅब हे सीजीआरपीच्या ग्राहीवरील प्रतिपिंड अमेरिकेत मान्य झाले आणि त्याच वर्षी आणखी दोन प्रतिपिंडे आली. एरेनुमॅबच्या एका मोठ्या चाचणीत, महिन्यातील अर्धशिशीचे दिवस निम्म्याने वा अधिक घटलेले रुग्ण १४० मिलिग्रॅमच्या गटात ५० टक्के होते, तर निष्क्रिय द्रव्याच्या गटात २६.६ टक्के.

या कथेतही ग्राहीभेद आहेच. सीजीआरपीच्या ग्राहीचा एक घटक रॅम्प-१ नावाचे प्रथिन आहे. त्यातील ७४ व्या स्थानी मनुष्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते, तर रॅटमध्ये लायसिन. एवढ्या एका अक्षराच्या फरकाने ओलसेजेपंटची मनुष्याच्या ग्राहीवरील पकड रॅटच्या ग्राहीपेक्षा शंभरपटीहून अधिक ठरते. केवळ रॅटवर विसंबून निवड केली असती तर हे द्रव्य मागेच पडले असते.

दुसरी गोष्ट लिंगभेदाची. अर्धशिशी स्त्रियांत पुरुषांच्या मानाने दोन ते तीनपट अधिक आढळते. असे असता २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, ‘पेन’ या नामांकित नियतकालिकातील आधीच्या दहा वर्षांच्या प्राणिप्रयोगांपैकी ७९ टक्क्यांत केवळ नर वापरले गेले होते. २०१९ मध्ये मेंदूच्या आवरणावर सीजीआरपी सोडून केलेल्या प्रयोगांत वेदनेची प्रतिक्रिया रॅट आणि माउस या दोहोंच्या माद्यांतच दिसली. केवळ नरांवर हे पाहिले गेले असते, तर सीजीआरपीचा वेदनेशी काही संबंध नाही असाच निष्कर्ष निघाला असता.

आणि यशालाही मर्यादा आहे. सीजीआरपीवरील एक प्रतिपिंड गुडघ्याच्या संधिवातात तपासले असता उपयोगी न ठरल्याने ती चाचणी थांबविण्यात आली. एका वेदनेचे औषध ते सर्व वेदनांचे औषध, असे नसते.

शरीरातील शामक द्रव्ये आणि वैद्याचा शब्द

वेदना वाढविणारी पेप्टाइडे आहेत तशी शमविणारीही आहेत. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हॅन्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन ही पाच अमिनो आम्लांची जोडी ओळखली. तिच्या कार्याची कसोटी माउस आणि गिनीपिग यांच्या अवयवांवरच लागली. एन्डॉर्फिन व डायनॉर्फिन यांचा शोध मागोमाग लागला. १९९६ मध्ये म्यू नावाचा अफूवर्गीय ग्राही नसलेल्या माउसला मॉर्फिन दिले असता वेदनाही शमली नाही व व्यसनही जडले नाही. येथे मूषकाने दिलेली साक्ष मनुष्याच्या अनुभवाशी तंतोतंत जुळली. तेव्हा प्राणिप्रयोग व्यर्थ आहेत असा अर्थ कोणी काढू नये.

१९७८ मध्ये लेव्हीन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांत असे दाखविले की निष्क्रिय औषधाने मिळणारा आराम नॅलॉक्सोन या अफूविरोधी द्रव्याने नाहीसा होतो. म्हणजे औषध मिळाले या विश्वासानेही शरीरातील शामक पेप्टाइडे कार्यरत होतात. वैद्याचा धीराचा शब्द रुग्णाला आराम देतो, हा आपला नित्याचा अनुभव यास पूरक आहे. परंतु त्यातून एक जबाबदारीही येते. आपल्या औषधाने गुण आला की आपल्या शब्दाने, हे तुलनेवाचून आपणांसही कळत नाही. वर दिलेल्या आकड्यांत निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्या चौघांपैकी एकाला गुण आला होता, हे विसरू नये.

औषधनिर्मात्यांनी कोणते प्रश्न विचारावेत?

आपल्या कल्पाची प्राणिप्रयोगशाळेत तपासणी करवून घेणाऱ्या, किंवा दुसऱ्याचा अहवाल वाचणाऱ्या औषधनिर्मात्यांसाठी काही प्रश्न आम्ही येथे नोंदवितो.

पहिला प्रश्न कसोटीचा. केवळ टेल फ्लिक केली आहे की शोथजन्य व दीर्घकालीन वेदनेच्या कसोट्याही केल्या आहेत? आमवातासाठी विकावयाचे औषध शेपटीच्या प्रतिक्षेपावर पारखणे युक्त नव्हे.

दुसरा प्रश्न ग्लानीचा. फिरत्या दांड्यावर प्राणी तोल सांभाळतो की नाही हे पाहणारी रोटारॉड कसोटी सोबत केली आहे का? ती नसेल तर वेदनाशमन आणि सुस्ती यांत भेद करता येणार नाही.

तिसरा प्रश्न नर-मादीचा, आणि चौथा अनामिकतेचा. कोणत्या प्राण्याला औषध व कोणत्याला निष्क्रिय द्रव्य दिले हे मोजणाऱ्यास ठाऊक होते का? प्राण्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली होती का? प्राणिप्रयोगांचा वृत्तान्त कसा लिहावा यासाठी २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ‘अराइव्ह’ नावाची सूची प्रसिद्ध झाली. ती समोर ठेवून अहवाल वाचावा.

पाचवा प्रश्न मार्गाचा आणि मात्रेचा. पोटाच्या पोकळीत टोचलेल्या अर्काचा परिणाम मुखावाटे घेतलेल्या वटीला लागू होत नाही. मात्रेचे गणित तर स्वतः करून पाहावे. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात रॅटच्या प्रतिकिलो मात्रेस ६.२ ने आणि माउसच्या मात्रेस १२.३ ने भागल्यास मनुष्याची समकक्ष मात्रा स्थूलमानाने मिळते. समजा, रॅटमध्ये २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो अर्काने गुण दिसला. मनुष्यासाठी ती सुमारे ३२ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारे १.९ ग्रॅम शुद्ध अर्क झाला. मूळ द्रव्यातून दहा टक्के अर्क निघत असेल तर त्यासाठी सुमारे १९ ग्रॅम चूर्ण लागेल. आपल्या वटीत २५० मिलिग्रॅम चूर्ण असेल आणि दिवसाला चार वट्या सांगितल्या असतील, तर त्या आलेखाचा आणि त्या वटीचा संबंध काय, याचे उत्तर ग्राहकाने विचारण्यापूर्वी निर्मात्यानेच स्वतःला द्यावे.

हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत. एक तर प्रयोगात जिवंत प्राण्याला वेदना दिली जाते. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर नियंत्रण आहे, ते याच जाणिवेतून. सदोष योजनेमुळे ज्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होणार नाही, त्यासाठी दिलेली वेदना अकारण दिलेली ठरते. दुसरे असे की, १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत चेतासंस्थेचे विकार आणि आमवातादी वेदनाविकार यांचाही अंतर्भाव आहे. मूषकाच्या आलेखावरून जनतेपुढे रोगमुक्तीचा दावा करणे अंगलट येऊ शकते. आणि तिसरे, जे आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचे वाटते : माहितीपत्रकावर विश्वासून एखाद्या वैद्याने ते औषध दिले आणि तीन महिने पैसे व आशा खर्चून रुग्ण होता तेथेच राहिला, तर त्याचा विश्वास केवळ त्या वटीवरून उडत नाही, तो शास्त्रावरून उडतो.

वैद्यांच्या हाती असलेले साधन

मूषकांनी वेदनेच्या यंत्रणेचे जे ज्ञान दिले ते अमोल आहे. सबस्टन्स पी, सीजीआरपी, एन्केफॅलिन यांचे ग्राही कोठे आहेत, वेदनेचा चढ कसा होतो, कटु द्रव्यांचा लेप काय करतो, हे त्यांच्यावाचून कळले नसते. परंतु औषध रुग्णास लागू पडते की नाही, हा निवाडा त्यांनी द्यावा ही अपेक्षा चुकीची आहे. सीजीआरपीच्या कथेत निवाडा तेव्हा लागला, जेव्हा संशोधक वेदनेच्या वेगात असलेल्या माणसाजवळ गेले.

हे साधन आपल्या प्रत्येक चिकित्सालयात आहे. रुग्णाला पहिल्या भेटीत वेदना शून्य ते दहा या मापावर किती, असे विचारून केसपेपरवर आकडा लिहावा. वेदनेचा प्रकार त्याच्याच शब्दांत नोंदवावा : ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या. झोप, चालणे आणि बसून उठणे यांची स्थिती लिहावी. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. गुण न आलेल्या व पुन्हा न आलेल्या रुग्णांचीही नोंद ठेवावी. दूरध्वनीवरून चौकशी करावी. एकट्या वैद्याच्या पन्नास नोंदींनी सिद्धता होत नाही हे खरे; त्यांत तुलनेचा गटही नसतो. परंतु कोणत्या कल्पाची पुढे नियमबद्ध चाचणी करावी, कोणत्या अवस्थेत, कोणत्या मात्रेत आणि कोणत्या रुग्णांत, हे अशा नोंदींवरूनच ठरविता येते. औषधनिर्मात्यांनी आलेख छापण्यासाठी वेचले जाणारे धन या कामी लावले, आणि आपल्या संघटनेच्या शाखांनी एकच नोंदपत्र वापरण्याचे ठरविले, तर माहितीपत्रकावर छापण्याजोगी एक प्रामाणिक ओळ काही वर्षांत आपणांपाशी असेल.